बांधली

दोन्ही बाजूंनी मलाच बोलावलं.
एकीकडे मी शरयूताई, दुसरीकडे शरयूबेन.
रावपुऱ्यात मोडी वाचणारे आता तिघंच उरलो,
एकाला मोतीबिंदू, एक मुलाकडे कॅनडात.

प्रश्न असा, की चौकातले फौजदार त्रिंबकराव घोसाळे
राहावेत की जावेत.
छातीपर्यंतच आहेत ते. पगडी, मिशा, एक कान डागडुजीचा,
खाली पाटी तीन लिप्यांत, तिन्हींत जन्मसाल वेगळं.
रिक्षावाले म्हणतात, बावला पासे.
गुजरातीत बावलुं म्हणजे पुतळा.
लहानपणी आम्हाला वाटायचं, बावळाच म्हणतात,
आणि आई म्हणायची, मग काय,
शहाणा असता तर उन्हात उभा राहिला असता का दिवसभर?

समितीचे लोक पेढे घेऊन आले.
'ताई, विहिरीचं तेवढं काढा. दुष्काळात विहीर बांधली, बस.'
मग हिंमतभाई आला, पादऱ्याकडचा, रिकाम्या हातानं.
'बेन, जे होय ते वांचजो.'
पाणीही नको म्हणाला.

रुमाल सोडला.
कागद जाड, कडेला वाळवी, शाई मात्र काळी कुळकुळीत.
आधी आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला टांगत जायची,
बोरू उचलायचा नाही.
दोन शब्दांत जागा सोडणं म्हणजे सरकारी कागदाची उधळपट्टी.
म्हणून तिथे आहे ते असं:

विहीरबाधलीखर्चरुपयेचाळीसवसुलीकामी
माणसेअकराबाधलीउन्हातपैकीमयतएकनामे

कारकुनाला दम लागला नसावा.
हाताशी क्रियापद एकच होतं, ते त्यानं दोनदा वापरलं.
अनुस्वार दोन्हीकडे गाळलाय. घाईत गाळायचेच.
'तो आपण घालून घ्यायचा,' गुप्तेमास्तर शिकवायचे,
'दया म्हणून.'
मी दोन्हीकडे घातला.

समितीच्या पोरानं अर्धी ओळ अंगठ्यानं झाकून फोटो घेतला.
हिंमतभाईच्या पुतण्यानं उरलेली अर्धी.
अरे, मी म्हणत होते, मोडीला सांधा नसतो,
कुठे तोडताय?
तोवर दोन्ही फोटो गावभर.

'नामे'च्या पुढे भोक आहे, बोटाच्या पेराएवढं.
पलीकडे नुसतं 'जी' उरलंय.
कानजी, जेठाजी, रामजी, कुणीही.
मग: वारसांस जोंधळे पायली दोन.
हिंमतभाई कागदावर इतका वाकला
की मला भीती वाटली, श्वासानं कड तुटेल.
'मारा दादाना दादा,' म्हणाला.
थांबला. 'कदाच.'
मी हो म्हटलं नाही.
नाही म्हणायला तरी पुरावा कुठे होता?

पालिकेत ठराव झाला.
पुतळा संग्रहालयात, चौकाला नवं नाव.
नवं कुणाचं, त्यावर पुन्हा दोन तट, खुर्च्या, माइक ओढाओढी.
विहीर कुठे आहे, हे कुणीच विचारलं नाही.
ती बुजवून कधीची वर झेरॉक्सची टपरी आलीय,
ठरावाच्या प्रती तिथेच काढल्या.
आणि बाकीचे दहा?
त्यांची नावं कारकुनानंही लिहिली नव्हती.
जगले त्यांची नोंद कशाला.

पुतळा नेला त्याच्या तिसऱ्या दिवशी
स्टेशनवरून रिक्षा केली. 'क्यां, बेन?'
माझ्या तोंडून गेलं, बावला पासे.
त्यानं मुकाट मीटर पाडलं आणि बरोबर आणून सोडलं.
चौथऱ्यावर वाकड्या दोन सळया,
एक कुत्रं त्यांच्या सावलीत मावायला बघत होतं.
सुट्टे नव्हते माझ्याकडे.
'रहेवा दो,' तो म्हणाला,
पण मी थांबले तिथेच, पदर डोक्यावर घेऊन, भर उन्हात,
तो टपरीवरून मोड आणेपर्यंत.